शिक्का आणि झेंडा : नायगावच्या चाळींतून दिसणारे राजकारण

समाजातल्या एखाद्या गटाविषयी 'ते सगळे असेच' अशी जी ठरीव समजूत चालत येते, तिला साचेबंद प्रतिमा म्हणतात. मद्रासी हिशेबी, घाटी अडाणी, भय्या गावंढळ, कोकणी माणूस भांडखोर असे शिक्के मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांवर मारले गेले आहेत. राजकीय मते आणि अशा प्रतिमा यांचा संबंध बहुधा एकाच दिशेने सांगितला जातो. माणसाच्या मनात आधी पूर्वग्रह असतो आणि त्यातून त्याचे राजकीय मत घडते, असे मानले जाते. हे अर्धेच खरे आहे. मनात पडून असलेल्या अनेक प्रतिमांपैकी कोणती केव्हा वर काढायची, हे पुष्कळदा राजकीय स्पर्धा ठरवते. दादर पूर्वेचे नायगाव आणि त्याभोवतीचा गिरणगाव यांच्या शंभर वर्षांच्या इतिहासात या नात्याच्या दोन्ही बाजू दिसतात.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास विसाव्या शतकातला आहे. अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ च्या 'पब्लिक ओपिनियन' या ग्रंथात असे मांडले की, जग प्रत्यक्ष पाहण्याआधीच माणसाच्या डोक्यात त्याची चित्रे तयार असतात आणि मत बनते ते या चित्रांवर. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये 'द नेचर ऑफ प्रेज्युडिस' या ग्रंथात पूर्वग्रहांची पद्धतशीर मांडणी केली. पुढे हेन्री टायफेल यांच्या प्रयोगांनी दाखवले की, अगदी क्षुल्लक कारणावरून लोकांचे दोन गट पाडले तरी माणूस आपल्या गटाला झुकते माप देतो. गटाला जुना इतिहास किंवा जुने वैर असण्याचीही गरज पडत नाही. नायगावात तर इतिहासही होता आणि वैरही.

मुंबई सरकारने १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' स्थापन केले. या खात्याने कामगारांसाठी ज्या चाळी उभारल्या, त्या बीडीडी चाळी. वरळीत १२१, नायगावात ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२ अशा एकूण २०७ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक इमारतीत ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास आणि नळ सामाईक. रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर या भागांतून आलेली माणसे येथे राहिली. गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत, महापालिकेत आणि पोलिसांत ती नोकऱ्या करीत होती. इतक्या दाटीत राहूनही सरमिसळ पुरी झाली नाही. काही इमारती दलितांच्या, काही मराठा आणि इतर सवर्ण जातींच्या, अशी वाटणी बीडीडी चाळींत रूढ होत गेली. गावची वेस चाळींच्या क्रमांकांत उतरली.

गिरणीत हीच वेस खात्याखात्यांत होती. विणाई खात्यात धोट्याच्या छिद्रातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा स्पृश्य कामगाराला चालत नसे, म्हणून अस्पृश्यांना विणाई खाते बंद होते. विणाईत मजुरी जास्त होती आणि कताईच्या रिंग खात्यात कमी. 'विटाळ' ही धार्मिक कल्पना अशा रीतीने दरमहाच्या पगारात मोजली जात होती. कामगारांच्या एकजुटीची भाषा बोलणाऱ्या संघटनांनी या भेदाकडे बराच काळ डोळेझाक केली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८-२९ च्या संपांच्या काळात तो उघडपणे पुढे आणला. ही घटना सिद्धान्ताच्या दृष्टीने मोलाची आहे. समतेचे राजकीय मत मान्य असलेल्या माणसाच्या मनातूनही गटाविषयीची प्रतिमा आपोआप पुसली जात नाही. मत ठरावात बदलते, प्रतिमा मात्र कामाच्या जागेवर तशीच राहू शकते.

वेगवेगळ्या गटांतील लोक एकमेकांच्या सहवासात आले की पूर्वग्रह कमी होतात, असे एक आशावादी मत आहे. ऑलपोर्ट यांनी त्याला चार अटी जोडल्या होत्या : दोन्ही गटांचा दर्जा समान हवा, ध्येय सामाईक हवे, ते गाठण्यासाठी परस्पर सहकार्य हवे आणि या सगळ्याला कायद्याचा किंवा अधिकारी संस्थांचा पाठिंबा हवा. नायगावच्या चाळींत सहवास रोजचा होता, पण पहिलीच अट पुरी होत नव्हती. ज्याला विणाई खात्यात पाऊल टाकता येत नाही, तो कामगार म्हणून बरोबरीचा ठरत नाही. संपाच्या काळात ध्येय सामाईक होई आणि तेवढ्या मुदतीपुरते अंतर कमी होई. १९३८ च्या ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध झालेल्या संपात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले, हे त्याचे ठळक उदाहरण. संप संपला की वाटणी पूर्ववत होई.

एखाद्या गटाची प्रतिमा घडवण्यात शासनाचाही हात मोठा असतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत ते लढले. पुढे ब्रिटिश लष्करात 'लढवय्या जमाती' आणि 'बिगर-लढवय्या जमाती' असा सिद्धान्त आला आणि १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली. माणसे तीच, पराक्रमाची नोंदही तीच, फक्त सरकारी धोरण बदलले आणि ती 'बिगर-लढवय्या' ठरली. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी याविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांची गरज भासली, तेव्हा १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली आणि तो सिद्धान्त गुंडाळून ठेवण्यात आला. याच्याही पुढची गोष्ट १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची. पारध्यांसारख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार, असे कायद्याने जाहीर झाले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पोलिसांच्या आणि गावकऱ्यांच्या मनातली समजूत अजूनही रद्द झालेली नाही. राजकीय निर्णयाने घडलेली प्रतिमा तो निर्णय मागे घेतला तरी कितीतरी काळ मागे उरते.

शिक्का बसलेला गट स्वतःविषयीची प्रतिमा राजकीय मार्गाने नाकारू शकतो. याचाही एक मोठा टप्पा नायगावातच घडला. मुंबई इलाखा महार परिषद ३० आणि ३१ मे १९३६ रोजी येथे भरली आणि आंबेडकरांनी धर्मांतराची कारणमीमांसा करणारे आपले प्रसिद्ध भाषण येथेच केले. जातीचे नाव, त्याला चिकटलेली कामे आणि त्यातून येणारी हीनता ही तिन्ही एकदम टाकून द्यायची, असा त्या मांडणीचा रोख होता. १९५६ च्या धर्मांतरानंतर नायगावच्या चाळींतील महार समाजाची ओळख 'बौद्ध' अशी झाली. शेजाऱ्यांच्या मनात हा बदल मात्र फार सावकाश उतरला.

साठच्या दशकात गिरणगावात दुसराच शिक्का चालू लागला. १९६१ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईत मराठी भाषक सुमारे ४३ टक्के होते आणि दक्षिण भारतीय भाषा बोलणारे दहा टक्क्यांच्याही आत. व्यापार आणि भांडवल मुख्यतः गुजराती, मारवाडी आणि पारशी हातांत होते. तरीही १९६६ च्या १९ जूनला स्थापन झालेल्या शिवसेनेने सुरुवातीला लक्ष्य केले ते दाक्षिणात्यांना. बाळ ठाकरे यांच्या 'मार्मिक' साप्ताहिकात मोठ्या कंपन्यांतील आणि कचेऱ्यांतील दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात आणि 'बजाव पुंगी, हटाव लुंगी' ही घोषणा चाळीचाळींत पोचली.

राजकीय अभ्यासक मेरी कॅटझेन्स्टाइन यांनी १९७९ मध्ये शिवसेनेवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे कारण नोकऱ्यांच्या स्पर्धेत शोधले. मॅट्रिक होऊन बाहेर पडणाऱ्या मराठी तरुणाला गिरणीमालक व्हायचे नव्हते. त्याला कारकून, टंकलेखक, लघुलेखक व्हायचे होते आणि त्याच जागांसाठी इंग्रजी शिकलेले दाक्षिणात्य तरुण रांगेत होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सुसान फिस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताशी हे जुळते. त्यांच्या मते परक्या गटाला माणूस दोन प्रश्नांवर तोलतो : त्याचा हेतू आपल्याविषयी चांगला आहे का आणि तो कर्तबगार आहे का. कर्तबगार पण आपलेपणा नसलेला गट असूयेचा धनी होतो. कर्तबगारीही नाही आणि आपलेपणाही नाही असे ज्याच्याविषयी वाटते, त्याच्या वाट्याला तुच्छता येते. दाक्षिणात्यांचा शिक्का पहिल्या प्रकारचा होता. पुढे उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यांवर आणि फेरीवाल्यांवर बसला तो दुसऱ्या प्रकारचा.

दाक्षिणात्य 'आपल्याच माणसांना चिकटवतात', हा त्या काळचा मुख्य आरोप. त्यात तथ्य नव्हते असे नाही. ओळखीतून नोकऱ्या मिळत होत्या. परंतु गिरण्यांतली भरती तरी दुसरी कशी होत होती? जॉबर आणि मुकादम आपल्या गावची, आपल्या भावकीची माणसे बदली कामगार म्हणून लावत. गावाकडून आलेला पोरगा काकाच्या खोलीवर उतरे आणि काका त्याला खात्यात चिकटवी. याला गिरणगावात आपुलकी म्हणत आणि ती खरोखरच आपुलकी होती. त्याच वागण्याला परक्या गटाच्या बाबतीत मात्र कारस्थान म्हटले गेले. डोनाल्ड टेलर आणि वैष्णा जग्गी यांनी दक्षिण भारतातील हिंदू कारकुनांवर केलेल्या आणि १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमकी हीच प्रवृत्ती दिसली. हिंदू माणसाने केलेल्या चांगल्या कृतीचे श्रेय त्याच्या स्वभावाला दिले गेले आणि वाईट कृतीचा दोष परिस्थितीला. मुसलमान माणसाच्या बाबतीत हिशेब उलटा झाला. राजकीय मताला प्रतिमेचा खरा उपयोग येथे होतो. घटना काय घडली याविषयी दोन्ही बाजूंचे एकमत असू शकते. ती का घडली, याचे तयार उत्तर प्रतिमा पुरवते आणि त्या उत्तरातून कोणाला मत द्यायचे हे ठरते. गरीब गरीब का राहिला, आरक्षण कशासाठी, दंगल कोणी सुरू केली, या प्रत्येक वादात हे होते.

१९७४ च्या जानेवारीत नायगाव आणि वरळीत जे घडले, त्यात हे सगळे धागे एकत्र आले. रा. धों. भंडारे बिहारचे राज्यपाल झाल्याने मध्य मुंबईच्या लोकसभा जागेसाठी पोटनिवडणूक लागली होती. काँग्रेसचे रामराव आदिक उमेदवार होते आणि शिवसेनेने त्यांना पाठिंबा दिला होता. कम्युनिस्ट पक्षातर्फे श्रीपाद अमृत डांगे यांच्या कन्या रोझा देशपांडे उभ्या होत्या. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने ग्रामीण भागातील अत्याचारांच्या निषेधार्थ मतदानावर बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळींतील मैदानावर पँथरची सभा झाली. पँथरचे नेते राजा ढाले यांच्या भाषणाच्या वेळी दगडफेक झाली, पोलिसांनी बळाचा वापर केला आणि चाळी एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्या. दंगल नायगावपर्यंत पोचली. १० जानेवारीला परळमध्ये पँथरच्या मोर्चावर वरून दगड टाकण्यात आला आणि भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता मृत्युमुखी पडला. आदिक हरले, रोझा देशपांडे निवडून आल्या. वरळी आणि नायगावच्या दंगलींच्या चौकशीसाठी सरकारने न्यायमूर्ती भस्मे यांचा आयोग नेमला.

या दंगलीत एकमेकांवर दगड टाकणारे अनेकजण एकाच गिरणीच्या एकाच पाळीला जात होते. बौद्ध आणि सवर्ण यांच्या एकमेकांविषयीच्या समजुती डिसेंबर १९७३ मध्ये जितक्या होत्या तितक्याच जानेवारीतही होत्या. बदलले होते ते एवढेच की, एका गटाने आपली मते कोणाच्याही पारड्यात टाकायचे नाकारले. शिवाय पँथरने १९७३ च्या जाहीरनाम्यात 'दलित' या शब्दाची कक्षा अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रिया यांच्यापर्यंत वाढवली होती. ही व्याख्या मानली तर चाळीतला सवर्ण गिरणी कामगारही दलितांत मोडत होता. ती मानली गेली नाही. निवडणुकीच्या धामधुमीत जुनी वाटणी हाताशी तयार होती आणि नवी अजून कागदावरच होती.

गिरणगावात राजकीय पक्ष हेच समाजगट झाले, हे येथील आणखी एक वैशिष्ट्य. लाल, भगवा आणि निळा झेंडा यांवरून माणसाची पारख होत असे. लाल बावटेवाला म्हणजे संपाचे निमित्त शोधणारा आणि देव न मानणारा, भगवा म्हणजे राडेबाज, निळा म्हणजे चिडका आणि सवलतींवर जगणारा, असे शिक्के चाळीत चालत. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा ५ जून १९७० रोजी खून झाला आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार म्हणून निवडून आले. त्या काळात हे शिक्के जिवावर बेतणारे होते.

पक्षांविषयीच्या अशा समजुती किती फसव्या असतात, हे डग्लस अॅलर आणि गौरव सूद यांनी २०१८ मध्ये अमेरिकेत मोजून दाखवले. रिपब्लिकन पक्षाच्या समर्थकांपैकी सुमारे ३८ टक्के लोक वर्षाला अडीच लाख डॉलरपेक्षा जास्त कमावतात, असा लोकांचा अंदाज होता. खरे प्रमाण सुमारे २ टक्के होते. मुंबईत असे मोजमाप झाले तर निकाल फार वेगळा निघण्याचे कारण दिसत नाही.

पूर्वग्रह हा एकाच राजकीय बाजूचा रोग आहे का, हा प्रश्न बराच काळ वादाचा राहिला. थिओडोर अडोर्नो आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्ये 'अधिकारशाही व्यक्तिमत्त्वा'ची कल्पना मांडून तो मुख्यतः उजव्या विचारांशी जोडला. मार्क ब्रँड्ट, जॅरेट क्रॉफर्ड आणि इतरांनी २०१४ मध्ये वेगळे चित्र पुढे ठेवले. डावे आणि उजवे दोघेही, जे गट आपल्या मतांच्या विरोधात आहेत असे त्यांना वाटते, त्यांच्याविषयी जवळजवळ सारखीच असहिष्णुता दाखवतात, फक्त लक्ष्य वेगळे असते. गिरणगावाचा अनुभव याला पुष्टी देतो. डाव्या कार्यकर्त्यांनी शिवसेनेच्या तरुणांना सरसकट मालकांचे हस्तक आणि गुंड ठरवले आणि ते बेकार आहेत, त्यांना संघटनेत स्थान हवे आहे, ही बाब नजरेआड केली. तरीही दोन्ही बाजू सारख्याच, असे म्हणून थांबणे अन्यायाचे होईल. शिक्का कोण मारतो, त्याच्या हाती सत्ता, पोलिस आणि नोकऱ्या आहेत की नाहीत, यावर त्याचा परिणाम ठरतो. ज्याच्या हाती काहीच नाही त्याच्या शिक्क्याने कोणाची नोकरी जात नाही.

सत्तेच्या हातातील प्रतिमेचे मोल मुंबईने १९९२-९३ मध्ये मोजले. त्या वेळी झालेल्या हिंदू-मुस्लिम दंगलींत ९०० माणसे मेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ च्या अहवालात पोलिस दलातील मुस्लिमविरोधी पूर्वग्रहाची स्पष्ट नोंद केली. 'कॉमन कॉज' आणि 'सीएसडीएस' या संस्थांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे निम्म्या पोलिसांनी, मुसलमानांचा स्वाभाविक कल हिंसेकडे असतो, या मताला कमी-अधिक सहमती दर्शवली. अशा वेळी प्रतिमा खासगी मत राहत नाही. ती गोळीबाराचा आणि फिर्याद नोंदवण्या-न नोंदवण्याचा निर्णय घेते.

ली जुसिम यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञ असा आक्षेप घेतात की, गटांविषयीच्या पुष्कळ समजुती सरासरीच्या दृष्टीने वास्तवाच्या जवळ असतात, त्यांना सरसकट खोटे म्हणू नये. आक्षेप दखलपात्र आहे. साठच्या दशकात लघुलेखकांत दाक्षिणात्य जास्त होते, हे खरेच होते. पण सरासरी व्यक्तीविषयी फारसे सांगत नाही आणि कारणाविषयी तर काहीच सांगत नाही. राजकारण मात्र चालते ते कारणांवर.

प्रतिमा बदलतात तेव्हा किती झपाट्याने बदलतात, याचा भारतीय पुरावा पाटणा विद्यापीठातून येतो. सिन्हा आणि उपाध्याय या संशोधकांनी १९५९ च्या सुरुवातीला आणि पुन्हा वर्षाअखेरीस विद्यार्थ्यांना चिनी लोकांचे वर्णन करायला सांगितले. आधी मित्रभावाचे, प्रामाणिक आणि शूर वाटणारे चिनी, सीमावाद पेटल्यानंतर आक्रमक, लबाड आणि क्रूर वाटू लागले. मधल्या काळात त्या विद्यार्थ्यांना चिनी माणसे भेटली होती असे नाही, फक्त राजकीय नाते बदलले होते. महाराष्ट्रात याच्या उलट दिशेची उदाहरणे आहेत. १९७४ मध्ये रस्त्यावर एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या प्रवाहांपैकी पँथरचे नामदेव ढसाळ पुढे शिवसेनेच्या 'सामना'त स्तंभ लिहू लागले आणि २०११ मध्ये शिवसेना-भाजप युतीशी रिपब्लिकन पक्षाच्या आठवले गटाने हातमिळवणी केली. व्यासपीठावरची भाषा एका रात्रीत सौम्य झाली. चाळीतल्या लग्नसंबंधांपर्यंत मात्र ती युती पोचली नाही.

गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि ऑलपोर्ट यांच्या चार अटींपैकी सामाईक ध्येय आणि सहकार्य यांची हक्काची जागा गिरणगावाने गमावली. आता नायगावच्या ४२ चाळींच्या जागी 'म्हाडा'तर्फे उंच इमारती उभ्या राहत असून तीन हजारांहून अधिक रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे देण्याची योजना आहे. घरांची निश्चिती सोडतीने होत असल्याने जातवार इमारतींची जुनी वाटणी त्यात टिकत नाही. समान दर्जाची अट त्यामुळे घरापुरती पुरी होते. बाकीच्या अटी बांधकामाने पुऱ्या होणाऱ्या नाहीत. त्या पक्षांनी, कामगार संघटनांनी आणि शासनाने पुऱ्या करायच्या आहेत.